४३ ते ५५ इंची फोर-के टीव्ही : पैसे पॅनेलसाठी मोजा, अ‍ॅपसाठी नाही

शोरूममध्ये पाऊल ठेवलं की विक्रेता आधी रिमोट पुढे करतो. नेटफ्लिक्सचं बटण, मराठीत बोलून शोधायची सोय, आठशे अ‍ॅप. घेणारा खूष होतो आणि पहिले काही महिने खूषच राहतो. पण टीव्ही घेऊन दोन-तीन वर्षं झालेल्यांच्या तक्रारी वाचा. त्यांत बटणं, अ‍ॅप यांचा विषय क्वचित निघतो. पडद्यावर उभी रेघ आली, आवाज आहे पण चित्र नाही, एका कोपऱ्यात काळा डाग पडला, कंपनीने 'फिजिकल डॅमेज' म्हणून हात वर केले, आणि टीव्ही फार रखडतो. यातलं रखडणं टीव्हीच्या मागे जोडायच्या, अ‍ॅप स्वतःच चालवणाऱ्या चार ते सहा हजारांच्या स्टिकने सुटतं. बाकीचं सगळं पॅनेलशी, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या काचेशी, आणि त्यामागच्या दिव्यांशी बांधलेलं आहे. टीव्हीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा पॅनेलचाच असतो, म्हणून वॉरंटीबाहेर पॅनेल फुटलं की नवा टीव्ही घेणंच परवडतं. वीस ते साठ हजारांच्या टप्प्यातले हे टीव्ही आम्ही त्याच नजरेने जोखले आहेत.

आधी मापाचं बोलू. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६९ उंच असतो, ४३ इंची ९५ बाय ५४. सोफ्यापासून भिंत सात-आठ फुटांवर असेल तर ५५ बिनधास्त घ्या. पाच-साडेपाच फुटांच्या बेडरूमला ४३ पुरतो. घेतल्यानंतर टीव्ही लहान पडला म्हणणारे पुष्कळ भेटतात, मोठा झाला म्हणणारे फार थोडे. अडचण येते ती जुन्या शोकेसची. हल्लीच्या बऱ्याच ५५ इंची टीव्हींना मधोमध एक स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात आणि त्यांच्यातलं अंतर मीटरभर किंवा जास्त भरतं. चार फुटांच्या युनिटवर हे पाय कडेला येतात नाहीतर बसतच नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावर पायांमधलं अंतर दिलेलं असतं, ते टेप लावून आधी पाहा. खोबणीत बसवणार असाल तर चारही बाजूंनी दहा सेंटिमीटर जागा सोडा. पॉवर बोर्ड आणि दिवे यांची उष्णता बाहेर पडायला वाट लागते.

किमतीबद्दल एक हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. याचा अर्थ टीव्ही दहा टक्क्यांनी स्वस्त झाला असा नाही. करापूर्वी ३० हजारांचा टीव्ही आधी ३८,४०० ला पडायचा, आता ३५,४०० ला. म्हणजे घट पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, त्यामुळे 'जीएसटी कमी झाला म्हणून ३२ इंची स्वस्त' असं कुणी सांगितलं तर ती निव्वळ सूट आहे आणि तिच्यावर आणखी घासाघीस करता येते. बिनव्याजी हप्त्यांतही एक खाच असते. व्याजाएवढी सूट देऊन हिशेब जुळवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या कार्डावर येते. दसरा-दिवाळी आणि पाडव्याला सूट मोठी असते खरी, पण नवी मालिका बाजारात येते त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत गेल्या वर्षीचा चांगला मॉडेल बऱ्याचदा त्याहून स्वस्त मिळतो. गेल्या वर्षीचं वरच्या श्रेणीचं पॅनेल आणि यंदाचं खालच्या श्रेणीचं, अशी निवड आली तर आमचं मत गेल्या वर्षीच्या बाजूने.

आता पॅनेल. एलसीडी पॅनेलचे मुख्य प्रकार दोन, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसमध्ये बाजूला बसूनही रंग टिकतात, पण काळा रंग राखाडी दिसतो, कारण त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातलं प्रमाण, हजारास एकच्या घरात असतो. व्हीएमध्ये तो तीन ते पाच हजारांवर जातो, अंधारातलं दृश्य खोल दिसतं, मात्र कडेच्या खुर्चीवरून बघणाऱ्याला चेहरे फिके दिसतात. दिवसा उजेड असलेल्या, तीन बाजूंनी माणसं बसतात अशा हॉलला आयपीएस बरं. रात्री दिवे मालवून समोर बसून सिनेमा बघणाऱ्यांना व्हीए. इथेच घोडं पेंड खातं : कंपन्या खोक्यावर पॅनेलचा प्रकार छापत नाहीत, आणि एकाच मालिकेत ४३ ला एक, ५० ला दुसरा असं सर्रास चालतं. मित्राचा ५५ इंची पाहून त्याच मालिकेतला ५० इंची मागवला की चित्र वेगळं निघतं, ते यामुळे. दुकानात ओळखायचं तर पांढरा किंवा त्वचेचा रंग असलेलं दृश्य थांबवा आणि पंचेचाळीस अंशांवर उभे राहून पाहा. बोटाने पडदा दाबून ओळखायची पद्धत काही जण सांगतात. ती अजिबात करू नका, दुकानातल्या टीव्हीवरही नाही.

क्यूएलईडी या नावाने फार दिशाभूल होते. तो एलसीडीच आहे, दिव्यांपुढे क्वांटम डॉटचा, म्हणजे रंग शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर असलेला. रंगांची व्याप्ती वाढते, काळा रंग सुधारत नाही. काळा सुधारायचा तर मागचे दिवे भागाभागाने मंद व्हायला हवेत, म्हणजे लोकल डिमिंग हवं. पस्तीस हजारांच्या आतल्या बहुतेक क्यूएलईडींमध्ये ते नसतं. मिनी-एलईडीमध्ये दिवे लहान आणि पुष्कळ असल्याने असे भाग शेकड्यांनी असतात, आणि फरक साध्या डोळ्यांना दिसतो. बजेट ताणायचंच असेल तर इथे ताणा. डॉल्बी व्हिजन, एचडीआर१० ही नावं खोक्यावर असली म्हणून एचडीआर, म्हणजे जास्त चमक आणि खोल सावल्या असलेलं चित्र, दिसतोच असं नाही. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात, आणि या टप्प्यातले बरेच पडदे २५० ते ३५० निट्सचे असतात. एवढ्या उजेडात टीव्ही एचडीआरचा सिग्नल वाचतो, पण त्यातली चमक दाखवू शकत नाही. उलट चित्र अंधारल्यासारखं वाटतं आणि लोक म्हणतात, डॉल्बी व्हिजन लावलं की काळोख होतो. दोष अ‍ॅपचा नाही, दिव्यांचा आहे. साधारण ६०० निट्सच्या पुढे एचडीआरला अर्थ येतो.

ओलेड, म्हणजे मागे दिवे नसलेला, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा पडदा, या बजेटच्या वरचा विषय, म्हणून थोडक्यात. चित्र सर्वांत सुंदर, पण दिवसभर मराठी बातम्या चालणाऱ्या घरात नको. खालची लाल-पिवळी पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्‌तास एका जागी राहतात आणि ओलेडवर त्यांचा ठसा कायमचा उमटू शकतो.

कंपनीच्या नावाचा आणि पॅनेलचा संबंध आता फार पातळ झाला आहे. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेलचं उत्पादन थांबवलं. एलजी डिस्प्लेचा चीनमधल्या ग्वांगझूचा मोठा एलसीडी कारखाना टीसीएलच्या सीएसओटी या पॅनेल कंपनीकडे गेला. बीओई, सीएसओटी, एचकेसी या चिनी कारखान्यांतूनच बहुतेक सगळ्यांना पॅनेल जातात. तोशिबा नावाचे टीव्ही हायसेन्स बनवते. थॉमसन आणि कोडॅक ही नावं भारतात परवान्यावर चालतात. यात वाईट काही नाही, पण 'जपानी कंपनी म्हणून पॅनेल जपानी' या समजुतीवर दहा हजार जास्त मोजू नका. सोनीला जास्त मोजायचे तर ते चित्रावर प्रक्रिया करणाऱ्या चिपसाठी आणि हलत्या दृश्याच्या हाताळणीसाठी. ती खरंच चांगली आहे आणि केबलचं कमअस्सल चित्र बघणाऱ्या घरात तिचा उपयोग जास्त होतो.

कारण पडद्यावर ८३ लाख ठिपके असले तरी घरात येणारं चित्र तेवढं नसतं. साध्या सेट-टॉप बॉक्सवरची एसडी, म्हणजे एचडी नसलेली, वाहिनी ५७६ ओळींची. ती २१६० ओळींच्या पडद्यावर ताणली की चेहरे मेणासारखे दिसतात. 'नवीन टीव्हीपेक्षा जुना डबा बरा होता' ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते, आणि तिच्यासाठी टीव्ही परत करण्यात काही हशील नाही. एचडी बॉक्स घ्या, झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या पॅकमध्ये टाकून घ्या, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय वर आहे ना ते पाहा. बरेच बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनीच जोडलेले सापडतात. त्या वायरींतून एचडी जात नाही, एचडीएमआयच हवी. फोर-के चित्रासाठी इंटरनेटचा वेग १५ एमबीपीएस टिकून हवा. टीव्हीचा वायफाय पाच गिगाहर्ट्झवर लावा, नाहीतर लॅनची वायर जोडा.

मेमरीचं एका ओळीत सांगतो : दीड जीबी रॅम नको, दोन जीबी आणि १६ जीबी साठवण ही किमान पातळी. आठ जीबीवाल्यात सिस्टिम वजा जाता जेमतेम निम्मी जागा उरते आणि अ‍ॅपचे अपडेट अडकू लागतात. एवढ्यासाठी चांगलं पॅनेल सोडू नका. चांगलं पॅनेल, मठ्ठ प्रोसेसर आणि बाहेरून लावलेली स्टिक, ही जोडी पाच वर्षं उत्तम चालते.

पोर्ट मात्र मोजून घ्या. सेट-टॉप बॉक्स, स्टिक आणि साउंडबार म्हणजे तीन एचडीएमआय झाले. यातला एक एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेला असतो, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा, साउंडबार त्यातच लावायचा. दुसऱ्यात लावला की आवाज येत नाही आणि लोक साउंडबार बिघडला म्हणून परत नेतात. जुना होम थिएटर असेल तर ऑप्टिकल पोर्ट आहे का ते पाहा. हेडफोनचा खड्डा तर आता कित्येक टीव्हींत नसतोच. फोर-के एचडीआर देणारा बॉक्स जोडून चित्र फिकं दिसलं तर त्या पोर्टचा जादा क्षमतेचा पर्याय बंद असतो. सॅमसंगमध्ये तो 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' या नावाने सापडेल. गेमिंगसाठी घेणाऱ्यांनी '१२० हर्ट्झ' या आकड्याखालची बारीक अक्षरं वाचावीत. 'मोशन रेट'चा आकडा म्हणजे रिफ्रेश रेट, पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, नव्हे. काही ६० हर्ट्झचे पॅनेल आडव्या ओळी निम्म्या करून १२० दाखवतात.

घरी आल्यावरचा पहिला तास

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. खोकं उभंच आणायचं, आडवं टाकायचं नाही. रिक्षात किंवा हॅचबॅकच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलेल्या टीव्हीचं पॅनेल स्वतःच्याच वजनाने आणि रस्त्याच्या खड्ड्यांनी तडकतं. बाहेरून खोकं धड दिसतं आणि चालू केल्यावर एका बिंदूतून निघालेल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. अशी खूण म्हणजे मार बसल्याचा पुरावा धरतात आणि दावा फेटाळतात. ५५ इंची खोकं जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावतंय का, जिन्याच्या वळणावर फिरतंय का, हे मागवण्याआधी पाहा.

ऑनलाइन मागवलं असेल तर ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे खोकं आणणाऱ्यासमोरच उघडून पाहायची सोय, निवडा. खोक्याच्या सहाही बाजू, सीरियल नंबरचं लेबल, सील, मग खोकं उघडणं आणि टीव्ही चालू होणं, असं सलग चित्रीकरण करा. मध्ये तोडू नका. कंपनीचा माणूस येईपर्यंत उघडू नका अशी अट असेल तर ती पाळा, पण तो आल्यावर टीव्ही भिंतीवर चढवायच्या आधी जमिनीवर उभा ठेवून चालू करून घ्या. तो घाईत असतो, तुम्ही नसावं. उचलताना दोघांनी खालची आणि कडेची चौकट धरायची. पडद्यावर तळहात टेकवायचा नाही, अंगठासुद्धा नाही. हल्लीच्या पॅनेलची काच पोस्टकार्डाहून फार जाड नसते.

चालू झाल्यावर पेनड्राइव्हवरून किंवा यूट्यूबवरून पूर्ण लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पडदे लावा. पांढऱ्यावर काळा ठिपका किंवा काळ्यावर रंगीत ठिपका म्हणजे मेलेला किंवा अडकलेला पिक्सेल. किती ठिपक्यांपर्यंत बदलून मिळत नाही ही मर्यादा वॉरंटीच्या कागदात असते. काळ्या पडद्याला खोलीत अंधार करा आणि कोपऱ्यांतून उजेड झिरपतोय का पाहा. थोडा झिरपणारच, पण सिनेमा बघताना डोळ्यांत येण्याइतका असेल तर तक्रार करा. मग फिका राखाडी पडदा लावा, आणि क्रिकेटचा सामना लावा. कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकताना पडद्यावर मळक्या उभ्या पट्ट्या स्थिर राहिलेल्या दिसल्या तर पॅनेलचा उजेड एकसारखा नाही. हा दोष सिनेमात कळत नाही, सामन्यात कळतो, आणि परतीची मुदत संपल्यावर कळला तर आयुष्यभर दिसत राहतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच बघा. आणि भिंतीवर चढण्याआधी मागच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. मॉडेल, सीरियल नंबर, व्होल्टेज सगळं त्यावर असतं, आणि नंतर तिथे हात पोचत नाही.

भिंत कशाची आहे ते तंत्रज्ञाला आधी सांगा. त्याच्या पिशवीत विटांच्या भिंतीला चालणारे प्लास्टिकचे रॉलप्लग आणि स्क्रू असतात. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यात साधा रॉलप्लग हळूहळू सैल होतो. त्यासाठी लांब, खास त्याच ब्लॉकचे अँकर किंवा केमिकल अँकर लागतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंतीत वरचा थर भुसभुशीत असेल तर ड्रिल आत चालत राहतं, तिथे गिलाव्याच्या मागे दगडात पुरेसं खोल जाईल एवढा लांब फास्टनर हवा. जिप्समच्या पार्टिशनवर टांगायचं तर मागे प्लायवूड आधीच घालावं लागतं. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही लावूच नका. मागे ओलसर हवा कोंडते आणि बोर्डांवर गंज चढतो.

उंचीबाबत बहुसंख्य घरांत चूक दिसते : टीव्ही देवाच्या तसबिरीच्या उंचीवर टांगलेला. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यावा, जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटर. व्हीए पॅनेल उंच लावलं तर खालून बघताना रंग उतरलेले दिसतात, मानही दुखते. सोबत येणारा स्टँड बहुधा सपाट, भिंतीला चिकटणारा असतो. त्यात नंतर एचडीएमआयची वायर बदलायची तर अख्खा टीव्ही उतरवावा लागतो. पुढे ओढता येणारा स्टँड जादा पैसे देऊन घ्यावा, टीव्हीमागच्या भोकांमधल्या अंतराचं माप, ज्याला व्हेसा म्हणतात, ते जुळवून. घराचं काम चालू असेल तर भिंतीतून दोन इंची पाइप टाकून घ्या. एक इंचीतून एचडीएमआयचं डोकं वळणावर अडकतं. टीव्हीमागे किमान तीन सॉकेट आणि लॅनचा एक पॉइंट ठेवा.

चालू करताना 'होम' की 'स्टोअर' असं विचारलं जातं. चुकून स्टोअर निवडलं तर चित्र भडक राहतं आणि सेटिंग आपोआप पूर्ववत होत राहतात. होम मोड निवडा, पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा', 'फिल्ममेकर' किंवा 'स्टँडर्ड'वर आणा, रंगाचं तापमान 'वॉर्म' करा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग जुनं निळं चित्र बघवणार नाही. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशन स्मूदिंग बंद करा, एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. क्रिकेटला थोडं चालू ठेवलेलं बरं. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल तर ओव्हरस्कॅन चालू आहे. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टु स्क्रीन' करा. तुम्ही काय बघता याची माहिती गोळा करणारे पर्याय, सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन', एलजीत 'लाइव्ह प्लस', बंद करून टाका.

आणि एक सेटिंग पैसे वाचवणारं. बॅकलाइट शंभरावरून साठ-सत्तरवर आणा. एलसीडी टीव्हीत सर्वांत आधी थकतात त्या मागच्या एलईडी पट्ट्या. त्या कमी करंटवर चालल्या की कमी तापतात आणि जास्त टिकतात. विजेचं म्हणाल तर ८० वॅटचा ४३ इंची रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट. बिलापेक्षा आयुष्याचा फायदा मोठा.

वीज आणि विजा

मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. भीती जास्त व्होल्टेजची आहे. खेड्यापाड्यांत थ्री-फेजचा न्यूट्रल तुटला की घरातल्या सॉकेटला ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतं आणि पॉवर बोर्ड क्षणात जातो. त्यासाठी हाय-व्होल्टेज कट-ऑफ असलेला स्टॅबिलायझर घ्या. साधी एक्स्टेन्शन पेटी हे काम करत नाही. एप्रिल ते जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. गच्चीवरच्या डिशच्या वायरीतून लाट सेट-टॉप बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआयने टीव्हीच्या मेनबोर्डात. 'टीव्ही चालतो पण एचडीएमआय पोर्ट मेला' ही पावसाळ्यातली नेहमीची केस. प्लग, डिशची गोल वायर आणि इमारतीच्या स्विचमधून येणारी तांब्याची लॅन, तिन्ही काढा. फायबरच्या वायरीतून लाट येत नाही. सेट-टॉप बॉक्सच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराची अर्थिंग तपासा, आणि एचडीएमआय दोन्ही उपकरणं बंद करूनच जोडा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर टीव्ही गुणगुणतो आणि तापतो, साइन वेव्हचा घ्या.

पुसण्याची पद्धत तर प्रत्येक घरात शिकवण्यासारखी आहे. पडद्यावर काहीही फवारायचं नाही. पाणी ओघळून खालच्या चौकटीत शिरतं, आणि तिथेच काचेवर चिकटवलेल्या पातळ फिती असतात ज्यांतून प्रत्येक ओळीला सिग्नल जातो. एक फीत ओली झाली की उभी पट्टी कायमची. दिवाळीच्या साफसफाईनंतर अशा टीव्हींची रांग लागते. टीव्ही बंद करून थंड होऊ द्या, कोरडा मायक्रोफायबर वरून खाली हलका फिरवा, बोटाचे ठसे असतील तर कापडाच्या कोपऱ्याला डिस्टिल्ड वॉटरचा ओलावा द्या. काच पुसायचे स्प्रे लेप उडवतात.

सेवेबद्दल घेण्याआधीच विचारायचं. कंपनीच्या हेल्पलाइनला आपला पिनकोड सांगा आणि तंत्रज्ञ कुठून येतो ते विचारा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस येणार असेल तर तीन हजारांची ऑनलाइन बचत एका फेरीत संपते. गावातल्या दुकानदाराकडून घेतलेला टीव्ही तो स्वतः पाठपुरावा करून दुरुस्त करून देतो, ही सोय आम्ही खूप मोलाची मानतो. वॉरंटीत 'पॅनेलसह' हे शब्द आहेत का पाहा. सर्वसाधारण वॉरंटी एक वर्षाची, काहींची पॅनेलला आणखी एक. जादा वॉरंटी घ्यायची तर कंपनीची घ्या. दुकानाने विकलेली तिसऱ्याच कंपनीची असते आणि तिच्यात घसारा वजा करतात. द्रव, कीटक, व्होल्टेज आणि मार यांमुळे झालेलं नुकसान जवळपास सगळेच वगळतात. बिल जीएसटीचं, सीरियल नंबर लिहिलेलं हवं. साध्या चिठ्ठीवर वॉरंटी मिळत नाही.

मार न लागता उभी रेघ आली तर पडदा चालू आणि बंद दोन्ही स्थितींत, तिरप्या उजेडात काचेवर ओरखडा किंवा टिचलेली जागा नाही हे दिसेल असे फोटो काढा आणि मगच तक्रार नोंदवा. तंत्रज्ञाने 'फिजिकल डॅमेज' लिहिलं तर जॉबशीटची प्रत घ्या आणि सही करण्याआधी आपला आक्षेप त्यावरच लिहा. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचं कार्यालय दिल्लीला असलं तरी, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क लागत नाही.

वॉरंटी संपल्यावर आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरपा पडद्याजवळ धरा. पुसट चित्र दिसलं तर पॅनेल धड आहे, एलईडी पट्ट्या गेल्यात. या पट्ट्यांत दिवे एकामागे एक जोडलेले असतात, एक जळला तरी सगळे विझू शकतात. एकच दिवा बदलून घेऊ नका, बाकीचेही तितकेच जुने असतात. पूर्ण संच बदला, आणि पॅनेल काढताना ते ठेवायला सपाट, स्वच्छ, पडद्याहून मोठी जागा दुकानात आहे का ते डोळ्यांनी पाहून मगच टीव्ही सोडा. पॅनेलच गेलं असेल तर पैसे घालू नका. मेनबोर्ड, पॉवर बोर्ड आणि टीकॉन (पॅनेलला सिग्नल पुरवणारा बोर्ड) धड असतील तर दुरुस्तीवाला त्यांची किंमत देतो, भंगारवाला देत नाही. टीव्ही देण्याआधी मात्र कंपनीच्या, गुगलच्या किंवा अ‍ॅमेझॉनच्या संकेतस्थळावरून त्या टीव्हीवरचं आपलं खातं काढून टाका. पडदा मेलेल्या टीव्हीतही ते चालूच असतं.